फेनवे पार्कला पहिल्यांदाच चाललोय, सोबत बाबा: कुठे बसावं, काय दाखवावं?

एडिसनचा_मेट्सवाला | १३ एप्रिल २०२५

नमस्कार मंडळी,

येत्या १९ मेला, सोमवारी संध्याकाळी, बॉस्टनच्या फेनवे पार्कवर न्यू यॉर्कचे मेट्स विरुद्ध बॉस्टनचे रेड सॉक्स असा बेसबॉलचा सामना आहे. जायचं नक्की केलंय. सोबत बाबा असतील. ते एप्रिलअखेर सांगलीहून येताहेत, ऑगस्टपर्यंत आमच्याकडेच आहेत. मी फेनवे कधी पाहिलेलं नाही आणि बाबांनी बेसबॉलचं कुठलंच मैदान पाहिलेलं नाही, म्हणून जाणकारांना विचारतोय.

बेसबॉलची गोडी मला सचिनमुळे लागली. नोव्हेंबर २०१५ मध्ये सचिन आणि शेन वॉर्न जुन्या खेळाडूंचे दोन संघ घेऊन अमेरिकेत आले होते. त्यातला पहिला सामना क्वीन्सच्या सिटी फील्डवर झाला. मी तेव्हा न्यू जर्सीत नवीन होतो. सचिनला पाहायला गेलो आणि मैदान मनात भरलं. पुढच्या उन्हाळ्यात तिथला नेहमीचा खेळ बघायला गेलो, तेव्हापासून मेट्सचाच. सिटी फील्डवर कुठल्या जिन्याला गर्दी नसते, कुठल्या रांगेवर दुपारी सावली येते, हे मी झोपेतही सांगेन. फेनवे मात्र मला फक्त टीव्हीवरून माहीत आहे.

आता बाबांविषयी. वय ७२, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. नोकरीत असताना रविवारी सांगलीच्या शिवाजी स्टेडियमवर क्लबच्या क्रिकेट सामन्यांचे गुण लिहायचे. त्या वह्या आईने अजून माळ्यावर जपून ठेवल्यात. उजवा गुडघा दुखतो. जिना चढतात, पण सावकाश. शाकाहारी आहेत. थंडी सोसत नाही.

तिकिटं बघायला बसलो तर डोकं चक्रावलं. फेनवेला छपराचे खांब मध्ये येतात म्हणतात, ते खरंच इतकं त्रासदायक आहे का? पाहुण्या संघाच्या बाजूला बसावं की समोर? गाडी न्यावी की ट्रेनने यावं? मेट्सची टोपी घालून बसलं तर तिथले लोक कसे वागतात? बाबांसोबत असताना कुणी वेडंवाकडं बोललेलं मला चालणार नाही.

आणि खरा प्रश्न वेगळाच आहे. नियम मी समजावून सांगेन, पण नुसते नियम कळून खेळ आवडत नाही. दोन-अडीच तास बाबा रमतील असं त्यांना काय दाखवू? गेली कित्येक वर्षं फोनवर मी त्यांना मेट्सबद्दल सांगतोय आणि ते शांतपणे ऐकून घेताहेत. यावेळी त्यांना ते मनापासून आवडावं अशी फार इच्छा आहे.

---

चार्ल्सकाठची | १४ एप्रिल २०२५

बाबांना पहिलं मैदान म्हणून फेनवे दाखवताय, यापेक्षा चांगली निवड नाही. मी ब्रुकलाइनला राहते, मैदान घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

सामन्याच्या वेळेला येऊ नका. दारं साधारण दीड तास आधी उघडतात, तेव्हाच आत शिरा. फेनवे आधी रिकामं बघावं. हे मैदान २० एप्रिल १९१२ ला सुरू झालं, आजच्या मेजर लीग (अमेरिकेतली बेसबॉलची सर्वोच्च स्पर्धा) मैदानांत सर्वांत जुनं. त्या काळी शहरात जी जागा मिळाली, तिच्या चारी बाजूंनी रस्ते. डावीकडे लॅन्सडाउन स्ट्रीट इतका जवळ की मैदान तिकडे वाढवायला जागाच नाही. डाव्या रेषेवर भिंत होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, फक्त ३१० फुटांवर. म्हणून ती उंच: ३७ फूट २ इंच. हीच ‘ग्रीन मॉन्स्टर’. १९४७ पर्यंत तिच्यावर जाहिराती होत्या, त्या काढून हिरवा रंग दिला. टीव्हीवर तिची उंची कळत नाही. आत पाऊल टाकलं की ती अंगावर येते.

बाबांना पहिली गोष्ट ही सांगा की फेनवेत बॅटर आणि पिचर (चेंडू टाकणारा) यांच्याइतकीच ही भिंतही खेळते. इतर मैदानांवर सहज बाहेर जाणारा जोरकस, सपाट फटका इथे भिंतीवर आदळतो आणि कॅरमच्या सोंगटीसारखा कुठल्या कुठे परततो. आणि इतर ठिकाणी ज्याचा सोपा झेल झाला असता, तो उंच उडालेला चेंडू इथे भिंतीला घासून खाली येतो. त्यामुळे डावीकडचा क्षेत्ररक्षक चेंडूकडे बघता बघता भिंतीचाही हिशोब करत असतो. चेंडू तिकडे गेला की बाबांना चेंडू बघू देऊ नका, तो क्षेत्ररक्षक बघायला सांगा. धावत मागे जातो की थांबून परतीचा चेंडू घ्यायला वळतो, यावरून पुढचं सगळं कळतं.

दुसरी गोष्ट धावफलक. हे तुमच्या बाबांसाठीच आहे असं मला तुमचा प्रश्न वाचतानाच वाटलं. भिंतीच्या पायथ्याशी असलेला धावफलक आजही हाताने बदलतात. आत भिंतीच्या पोटात माणसं बसतात आणि आकड्यांच्या पाट्या फटीतून लावतात. नॅशनल लीगच्या (मेजर लीगच्या दोन गटांपैकी एक) इतर सामन्यांचे आकडे तर दोन इनिंगच्या मध्ये (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची बॅटिंगची एकेक पाळी) माणूस बाहेर येऊन समोरून बदलतो. बॉल (बॅटरने सोडलेला, आवाक्याबाहेरचा चेंडू), स्ट्राइक (हुकलेला किंवा सोडलेला चांगला चेंडू) आणि आउट यांसाठी दिवे आहेत. फलकावरच्या उभ्या पांढऱ्या पट्ट्यांवर ठिपके आणि रेघा दिसतील, ती मोर्स लिपी आहे: जुने मालक टॉम यॉकी आणि त्यांच्या पत्नी जीन यॉकी यांची आद्याक्षरं. दुर्बीण असेल तर आणा.

बसायचं कुठे? पहिल्या बेसच्या (बॅटरने धावताना आधी गाठायचा टप्पा) बाजूला, ग्रँडस्टँड १४ ते १८ च्या आसपास. तिथून भिंत आणि फलक समोर येतात. गुण लिहिणाऱ्या माणसाला याहून दुसरं काय हवं? खांबांचा त्रास खरा आहे. तिकीट घेताना त्या खुर्चीवरून काढलेला फोटो बघितल्याशिवाय पैसे भरू नका, आणि ‘ऑब्स्ट्रक्टेड’ (मध्ये काहीतरी आडवं येणारी जागा) लिहिलेलं स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. उजव्या टोकाचे, म्हणजे दहाच्या आतले ग्रँडस्टँडही टाळा. तिथल्या खुर्च्यांची तोंडं होम प्लेटकडे नाहीत, मान वळवून वळवून दुखायला लागते. ग्रँडस्टँडच्या खुर्च्या लाकडी, जुन्या, अरुंद आहेत. गुडघ्यासाठी रांगेच्या टोकाची जागा घ्या.

वेळ उरला तर उजवीकडच्या ब्लीचर्समध्ये (बिनछपराच्या जागा) एक लाल खुर्ची दाखवा. बाकी सगळ्या हिरव्या आणि ती एकटी लाल: सेक्शन ४२, रांग ३७, खुर्ची २१. ९ जून १९४६ ला टेड विल्यम्सचा चेंडू तिथे बसलेल्या प्रेक्षकाच्या गवती टोपीवर जाऊन पडला. अंतर ५०२ फूट नोंदलं आहे, म्हणजे १५३ मीटर. बाबांना मीटरमध्ये सांगा, क्रिकेटचा षटकार किती लांब जातो हे त्यांना माहीत असणार.

मे महिन्यावर विसंबू नका. समुद्रावरून वारा आला की रात्री स्वेटरही पुरत नाही. शाल, कानटोपी, जाड मोजे आणा. पाठीवरची बॅग नको, पिशव्यांचे नियम कडक आहेत. आत रोख पैसे चालत नाहीत, कार्ड ठेवा. शाकाहारी माणसाचं पोट पिझ्झा, फ्राइज, प्रेट्झेल आणि भाजलेल्या शेंगांवर भरतं. शेंगा टरफलासकट मिळतात आणि टरफलं तिथेच पायाशी टाकायची असतात.

---

वूस्टरचा_वाटसरू | १४ एप्रिल २०२५

ताईंच्या बाकी सगळ्याला +१, पण बसण्याच्या जागेबाबत माझं मत वेगळं.

मेट्सचे चाहते असाल तर तिसऱ्या बेसच्या बाजूला बसा. फेनवेत पाहुण्यांचा डगआउट (खेळाडूंची बसायची जागा) तिकडेच आहे. आपली माणसं जवळून दिसतात, सरावाच्या वेळी खाली जाऊन उभं राहता येतं. शिवाय सूर्य. पहिल्या बेसच्या बाजूची तोंडं वायव्येकडे आहेत. मेमध्ये आठ वाजेपर्यंत उजेड असतो, सुरुवातीच्या दोन-तीन इनिंग डोळ्यांवर ऊन घेऊन बघाव्या लागतात. तिसऱ्या बेसकडे ऊन पाठीशी. ७२ वर्षांच्या माणसाच्या डोळ्यांचा आधी विचार करा, भिंत काय कुठूनही दिसते.

प्रवासाचं: एडिसनहून तुम्ही ८४ क्रमांकाच्या महामार्गावरून मास पाइक या बॉस्टनकडे जाणाऱ्या महामार्गाला लागाल. बॉस्टन शहरात गाडी नेऊ नका, पार्किंगचे दर आणि सामन्यानंतरची कोंडी दोन्ही वाईट. रिव्हरसाइड स्टेशनला गाडी ठेवा. ग्रीन लाइनची डी गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे बाबांना बसायला जागा मिळेल. केनमोरला उतरा, लिफ्ट आहे. मी स्वतः वूस्टरहून लोकलने लॅन्सडाउन स्टेशनला येतो, ते मैदानाला आणखी जवळ, पण रात्रीच्या परतीच्या गाड्या मोजक्या. एडिसनपर्यंत जायचंय तर रिव्हरसाइडच बरं. किंवा रात्री मुक्काम करा.

---

चार्ल्सकाठची | १४ एप्रिल २०२५

उन्हाचं बरोबर आहे, ते लिहायचं राहिलं. पण ग्रँडस्टँडला छप्पर आहे आणि टोपीने काम भागतं. तिसऱ्या बेसकडून भिंत तिरकी दिसते, फलकही तिरका. बाबा गुण लिहिणार असतील तर मी पहिल्या बेसवरच ठाम आहे.

---

जळगावची_गुणलेखक | १६ एप्रिल २०२५

मी फेनवेला गेलेले नाही, पण बाबा गुण लिहायचे हे वाचून राहवलं नाही. आमच्या जळगावकडे सॉफ्टबॉल खेळतात, आणि मी शालेय स्पर्धांपासून गुणलेखन करते. सॉफ्टबॉल आणि बेसबॉलची वही एकच. दादा, तुम्ही बाबांना आधी खेळ शिकवू नका, वही शिकवा. खेळ आपोआप येईल.

क्षेत्ररक्षकांना क्रमांक असतात. पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप ६, मग डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. हे पाठ झालं की वही बोलायला लागते. ६-४-३ लिहिलं की कळतं: शॉर्टस्टॉपने अडवला, दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्या बेसवर, दोघे बाद. एफ८ म्हणजे मधल्या क्षेत्ररक्षकाने झेल घेतला. के म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद. तिसरा स्ट्राइक बॅट न फिरवता, उभ्या उभ्या गेला तर तोच के उलटा काढायचा. बाबांना हा उलटा के आवडेल, कारण क्रिकेटच्या वहीत फलंदाज चेंडू सोडून त्रिफळाचीत झाला की फटका मारताना झाला, हे कळत नाही.

ही पद्धत बसवणारा हेन्री चॅडविक मुळात क्रिकेटचा बातमीदार होता. जन्म इंग्लंडमधल्या एक्झेटरचा, १८२४ चा. लहानपणी ब्रुकलिनला आला, न्यू यॉर्कच्या वर्तमानपत्रांत क्रिकेट लिहायचा, आणि १८५६ मध्ये एक बेसबॉल सामना बघून या खेळाकडे वळला. बाबांना हे नक्की सांगा. वही अनोळखी नाही, घरातलीच आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ताळा. क्रिकेटमध्ये फलंदाजांच्या धावा आणि अवांतर यांची बेरीज संघाच्या धावसंख्येशी जुळली पाहिजे, नाहीतर स्कोररला झोप येत नाही. इथेही ताळा आहे. एका संघाचे जितके बॅटर खेळायला आले, तितकीच बेरीज त्यांच्या धावा, बेसवर अडकून राहिलेले गडी आणि बाद झालेले गडी यांची यायला हवी. नऊ इनिंग पूर्ण खेळल्या तर, दर इनिंगला तीन याप्रमाणे, बाद २७. यजमान आघाडीवर असेल तर तो नवव्या इनिंगमध्ये बॅटिंगला येतच नाही, मग त्याचे २४. मी अजूनही दर सामन्यानंतर ताळा करते. जुळला की फार बरं वाटतं.

पेन्सिल न्यायची, पेन नाही. मैदानावर छापील स्कोअरकार्ड मिळतं, तरी घरून दोन कोरे तक्ते छापून न्या.

---

एडिसनचा_मेट्सवाला | १७ एप्रिल २०२५

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, काल रात्रीच बाबांना फोनवर चॅडविकचं सांगितलं. पहिल्यांदाच त्यांनी उलट प्रश्न विचारला: “धाव कुठल्या रकान्यात लिहितात?” मला उत्तर देता आलं याचा इतका आनंद झाला!

पहिल्या बेसची बाजू घेतोय. वूस्टरच्या दादांचं उन्हाचं लक्षात ठेवून बाबांना टोपी.

टोपीवरून पुन्हा तोच प्रश्न. १९८६ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे मोसमाअखेरच्या विजेतेपदाच्या मालिकेत, मेट्सने रेड सॉक्सला हरवलं होतं. बॉस्टनच्या लोकांच्या मनात ते अजून आहे का?

---

चार्ल्सकाठची | १८ एप्रिल २०२५

आहे. पण तुम्हाला वाटतं तसं नाही. टोपी खुशाल घाला, मेट्सशी इथलं वैर नाही. वैर यँकीजशी, न्यू यॉर्कच्या दुसऱ्या संघाशी. कुणी बोललंच तर १९८६ वरून दोन शब्द बोलतील, आणि मग तुमच्याशी तासभर गप्पा मारतील.

तरी १९८६ बाबांना सांगायचं असेल तर नीट सांगा, कारण ती गोष्ट बहुतेक जण अर्धवट सांगतात. २५ ऑक्टोबर, सहावा सामना, तुमच्या जुन्या शे स्टेडियमवर. रेड सॉक्स १९१८ नंतर जिंकलेच नव्हते. दहाव्या इनिंगमध्ये ते ५-३ ने पुढे, मेट्सचे दोन बाद, बेसवर कुणी नाही. एक गडी बाद केला की विजेतेपद. तिथून मेट्सने लागोपाठ तीन फटके मारले, एक धाव आली. मग पिचरचा चेंडू कॅचरच्या हाताबाहेर गेला आणि बरोबरी झाली. त्यानंतर मूकी विल्सनचा सरपटी चेंडू पहिल्या बेसवरच्या बिल बकनरच्या पायांमधून गेला आणि मेट्स ६-५ ने जिंकले.

बघा, चेंडू पायांतून गेला तेव्हा आघाडी आधीच गेलेली होती. आणि सिरीज तिथे संपलीही नव्हती. सातवा सामना उरला होता, तोही रेड सॉक्स हरले. पण दोष सगळा बकनरच्या माथी आला. बावीस मोसम खेळलेला, २,७१५ हिट (बेसवर पोचवणारे फटके) मारलेला माणूस, घोटे इतके दुखावलेले की नीट पळता येत नव्हतं, तरी खेळत होता. लोकांनी त्याला वर्षानुवर्षं इतकं छळलं की तो कुटुंब घेऊन दूर आयडाहोला राहायला गेला. माझ्या शहराने हे केलं, आणि ते चुकीचं होतं.

८ एप्रिल २००८ ला, मोसमातल्या इथल्या पहिल्या सामन्याला, पहिला चेंडू टाकायला त्याला बोलावलं. तो भिंतीकडून, डाव्या मैदानातून एकटा चालत आला. सगळं मैदान उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. तो डोळे पुसत होता. २०१९ मध्ये तो गेला. मला बरं वाटतं की ते त्याला बघायला मिळालं. खूप आधी व्हायला हवं होतं.

---

एडिसनचा_मेट्सवाला | २४ मे २०२५

मंडळी, जाऊन आलो. मेट्स ३-१ हरले, तरी इतका सुंदर दिवस गेला की लिहायलाच हवं.

रिव्हरसाइडला दुपारीच पोचलो. ट्रेनमध्ये बाबांना खिडकीची जागा मिळाली. केनमोरला उतरून लोकांच्या मागोमाग निघालो. ब्रुकलाइन ॲव्हेन्यूच्या पुलावरून खाली महामार्ग दिसतो आणि समोर लाल विटांचा एक जुना कारखाना असावा अशी इमारत. बाबा म्हणाले, “हे स्टेडियम?” सिटी फील्डला भोवती मोठं पार्किंग आहे, मैदान लांबून दिसतं. इथे शेजारी दुकानं, घरं, मधे एकदम मैदान. जर्सी स्ट्रीट तिकीट असलेल्या लोकांसाठी मोकळा ठेवला होता, वाद्यं वाजत होती, सॉसेज आणि कांद्याचा वास. आम्ही शेंगा घेतल्या.

आतल्या काळोख्या बोळातून चढणीने वर गेलो आणि भिंत समोर आली. मी वर्षानुवर्षं टीव्हीवर पाहिलेली, तरी थांबलो. बाबांनी आधी भिंतीकडे पाहिलंच नाही. त्यांनी फलकाकडे बोट दाखवलं: एक हात फटीतून पाटी लावत होता. “अरे, हाताने!” एवढंच म्हणाले, आणि खुर्चीत बसेपर्यंत त्यांची नजर तिथून हलली नाही. शिवाजी स्टेडियमवर पत्र्याचे आकडे खिळ्याला अडकवणाऱ्या मुलांना ते टेबलावरून खुणा करायचे. त्या मुलांची नावं त्यांनी मला सांगितली. मी ती कधी ऐकली नव्हती.

थंडी चांगलीच होती. कानटोपी, तिच्यावर मेट्सची टोपी, गुडघ्यावर शाल. आमच्या रांगेत एक वयस्कर गृहस्थ रेड सॉक्सचं जुनं जाकीट घालून बसले होते, आणि त्यांच्या मांडीवर स्कोअरबुक. बाबांनी आपला तक्ता काढला तशी त्यांनी मान हलवली. तिसऱ्या इनिंगपर्यंत दोघे एकमेकांच्या वहीत डोकावत होते. बाबांचं इंग्रजी कचेरीतलं, त्यांचं अस्सल बॉस्टनचं, मला मध्ये बोलावं लागेल असं वाटलं होतं. गरज पडली नाही. आकडे दोघांनाही येत होते. बाबांनी पहिला उलटा के काढला तेव्हा त्या गृहस्थांनी हातात हात घेऊन अभिनंदन केलं.

चार्ल्सकाठच्या ताई, भिंत कशी खेळते ते तुम्ही लिहिलं होतं, ते तसंच घडलं. जुआन सोटोने डावीकडे जबरदस्त फटका मारला. मी ओरडत उभा राहिलो. सोटोलाही चेंडू बाहेर चालला असं वाटलं असावं, तो बघत राहिला. चेंडू भिंतीवर आदळून परत आला आणि एवढ्या मोठ्या फटक्याला एकच बेस मिळाला. बाबा चेंडूकडे नव्हे, डाव्या क्षेत्ररक्षकाकडे बघत होते. म्हणाले, “तो वळला, तेव्हाच मला कळलं होतं. याने पळायला हवं होतं.” पुढे सोटोने दुसरा बेस चोरला. तेव्हा चालू खेळात गडी असं धावू शकतो हेच बाबांना इतकं आवडलं की त्यांनी तक्त्यावर त्याला दोनदा खूण केली. नंतर त्याचा करार किती रुपयांचा, असं विचारलं. पंधरा वर्षांचे साडेशहात्तर कोटी डॉलर. बाबांनी तोही आकडा तक्त्याच्या मागे लिहून ठेवला, घरी जाऊन रुपये करतो म्हणाले. दोन दिवसांनी वर्तमानपत्रांतही त्या न पळण्याचीच चर्चा होती.

एक गोष्ट मात्र त्यांना पटली नाही. फलकावर धावा, हिट आणि तिसरा रकाना एरर, म्हणजे क्षेत्ररक्षणातल्या चुकांचा. “झेल सुटला तर आम्ही वहीत काही लिहीत नाही,” ते म्हणाले. “सुटला तर सुटला. खेळाडूच्या नावावर चूक कायमची कशाला नोंदवायची?” मग मी त्यांना बकनरची गोष्ट सांगितली, तुम्ही सांगितली तशी, क्रमाने. शेजारचे गृहस्थ १९८६ शब्द ऐकून वळले. मी इंग्रजीत थोडक्यात सांगितलं की आम्ही काय बोलतोय. ते म्हणाले की २००८ च्या त्या दिवशी ते इथेच होते, उजवीकडच्या ब्लीचर्समध्ये, आणि ते उभे राहिले होते. बाबांनी माझ्याकडून ते दोनदा समजून घेतलं आणि त्यांना नमस्कार केला. हात जोडून, नेहमी करतात तसा.

आठव्या इनिंगच्या मध्यात सगळं मैदान मिळून गाणं म्हणतं, ते बाबांना माहीत नव्हतं. शेवटच्या ओळींना तेही टाळ्या वाजवत होते.

रेड सॉक्स पुढे असल्यामुळे नवव्या इनिंगच्या उत्तरार्धात आलेच नाहीत, तेव्हा बाबा लगेच म्हणाले, “म्हणजे यांचे २४.” गर्दी ओसरेपर्यंत आम्ही जागेवरच बसलो. वूस्टरच्या दादा, हे चांगलं झालं, केनमोरला नंतर अजिबात धक्काबुक्की नव्हती. बाबांनी ताळा केला. रेड सॉक्सचा पहिल्याच फटक्यात जुळला. मेट्सचा एकाने कमी येत होता. शेजारचे गृहस्थ निघाले होते, ते परत बसले. दोघांनी मिळून शोधलं: एक बॅटर चार बॉलवर पहिल्या बेसला गेला होता, ती चौकट कोरी राहिली होती. भरली. जुळला.

जळगावच्या ताई, बाबांनी तुम्हाला खास आशीर्वाद सांगितलेत, आणि एक प्रश्नही विचारलाय. पिचरने किती चेंडू टाकले हे तक्त्यात कुठेच दिसत नाही, आणि गोलंदाजाचं पृथक्करण नसलेली वही त्यांना अपुरी वाटते. जूनमध्ये सिटी फील्डला नेणार आहे, त्याआधी नवा तक्ता आखायचा आहे.

---

जळगावची_गुणलेखक | २५ मे २०२५

काकांना नमस्कार सांगा. ताळा जुळेपर्यंत उठले नाहीत, हे वाचून फार आनंद झाला!

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि त्याची सोय आहे. प्रत्येक चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात दोन ओळी आखायच्या: वर तीन घरं बॉलसाठी, खाली दोन स्ट्राइकसाठी. प्रत्येक चेंडूला एक ठिपका. दोन स्ट्राइक झाल्यावर पुढचे फाउल (रेषेबाहेर गेलेले फटके) गेले तर त्यांचे ठिपके बाहेर काढायचे, नाहीतर मोजणी चुकते. इनिंग संपली की रकान्याच्या तळाशी त्या इनिंगचे चेंडू आणि त्याखाली चालू बेरीज. शेवटचा चेंडू, म्हणजे ज्यावर फटका बसला किंवा गडी बाद झाला, तो मोजायला विसरू नका म्हणावं.

पिचर बदलला की त्या चौकटीच्या वर जाड आडवी रेघ मारा. तक्त्याच्या तळाशी प्रत्येक पिचरला एक ओळ: किती गडी बाद केले, किती हिट, किती धावा, किती के, किती चेंडू. कागद आडवा घ्या आणि चौकटी थोड्या मोठ्या आखा, काकांना चश्म्यातून बारीक ठिपके दिसायला हवेत.